लोंबता थेंब

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराला अजून कौलं आहेत. पाऊस थांबला की पागोळ्याही थांबतात, पण एखादा थेंब वळचणीला तसाच लोंबत राहतो. रायपूरच्या आषाढात तो पाहिला की मला शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन आठवतो.

१९०७ साली त्याने बेडकाच्या गर्भातून, पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या नळीचा कणभर तुकडा काढला. तो काचेवर बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला, थेंब गोठू दिला, ती काच खोलगट पट्टीवर उपडी घातली आणि कडा मेणाने बंद केल्या. तुकड्यातून धागा निघाला. त्याचं टोक चाचपडत पुढे सरकताना हॅरिसनने जिवंत पाहिलं. मज्जातंतू पेशीतून फुटतो की वाटेतल्या पेशींच्या साखळीतून जुळतो, हा जुना वाद. इथे वाटेत कुणीच नव्हतं!

पण गवयाने घ्यावी तशी खरी जागा आहे ती गोठण्यात. धाग्याला धरायला काहीतरी लागतं. पुढे हॅरिसनने गर्भपेशींना चक्क कोळ्याच्या जाळ्याचे तंतू देऊन पाहिले.

हीच नजाकत पुणे विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ लीला मुल्हेरकरांच्या कामात दिसते. डेनिस न्यूची १९५५ची रीत त्यांनी तिथे रुजवली: कोंबडीच्या अंड्याच्या बलकावरचा पातळ पापुद्रा गर्भासकट सोडवायचा, काचेच्या कड्यावर ताणायचा. मग करंजीच्या कडा जुळाव्यात तशी मज्जानळी मिटताना उघड्यावर दिसते.

पण मज्जारज्जूची दुखापत अशी काचेत अभ्यासायची तर त्याची चकती लागते. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पातळ, सच्छिद्र पडद्यावर ठेवलेली. खाली पोषक द्रव, वर हवा. पेशींची शेजारपाजारची मांडणी शाबूत राहते. रक्त मात्र नाही, म्हणून जखमेकडे धावणाऱ्या रक्तपेशीही नाहीत. हे उणं मला डाचत नाही. कुणामुळे काय घडतं ते वेगळं काढता येतं. डाचतं ते वय. इथल्या टाटीबंधच्या एम्समध्ये कण्याला मार लागून येणारा बहुधा मोठा माणूस असतो, चकती बहुधा उंदराच्या नवजात पिल्लाची.

तरी या चकतीलाही वय चढतं. कोवळेपणी पात्याने रेघ मारली तर धागे ती ओलांडून जातात. तीच चकती काही आठवडे सांभाळून मग कापली, तर फार थोडे पलीकडे पोचतात.