पाठमोरा मुलगा

रेम्ब्रांटचं १६३७ सालचं एक एचिंग माझ्या फोनमध्ये आहे. मूळ छाप जेमतेम साडेबारा सेंटिमीटर उंच, साडेनऊ रुंद. म्हणजे फोनवर जवळपास खऱ्या मापात दिसतं.

गोष्ट बायबलमधली. अब्राहामला दासी हागारपासून इश्माएल झाला. पुढे म्हातारपणी पत्नी सारालाही मुलगा झाला, इसहाक. मग सारा म्हणाली, त्या दासीला आणि तिच्या पोराला घालवून द्या. अब्राहामनं भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन दोघांना रानात धाडलं.

चित्राच्या मधोमध अब्राहाम. एक पाय पायरीवर, एक खाली. एक हात घराकडे, एक जाणाऱ्यांकडे. खिडकीत सारा, चेहऱ्यावर समाधान. दाराआडून इसहाक डोकावतोय. हागार रुमालानं डोळे पुसतेय. बघणारे बहुतेक त्या दोन हातांपाशीच थांबतात: बापाची काय घालमेल! घालमेल खरीच आहे. पण संध्याकाळी तो त्याच दारातून आत जाणार आहे.

मी इश्माएलकडे बघते. तो पाठमोरा आहे. १६३० मध्ये आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून स्वतःचेच चेहरे कोरणाऱ्या या माणसानं मुलाचा चेहरा दाखवलेला नाही. बापाला सगळा उजेड, मुलाला पाठ. मला हे चित्रातलं सगळ्यात प्रामाणिक ठिकाण वाटतं.

नऊ वर्षांची असताना मी आईबरोबर घरातून निघाले. वडील पायरीवर उभे होते. ‘बिचारा किती रडला गं,’ हे आत्यानं मला पुढे कितीदा तरी ऐकवलं. माझा चेहरा कसा होता, ते कुणीच सांगितलं नाही. कुणी बघितला नसावा.

आम्ही नाशिकला शरणपूर रोडजवळ खोली घेतली. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर इंग्लंडला गेला. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. स्वतःचं घर तुटलेला मुलगा, आणि इतिहासात दिसतो तो दुसऱ्याच्या शोकाशेजारी उभा. हागारही दासीच होती, हे चित्र बघताना आपण किती पटकन विसरतो.

बोटांनी चित्र मोठं करत गेलं की अब्राहामची दाढी, सारा, खिडकी सगळं स्क्रीनबाहेर सरकतं. इश्माएलच्या पाठीवरच्या बारीक रेघा तेवढ्या उरतात.