हेडीसवरचे आरोप

ग्रीक देवांत सगळ्यात बदनाम कोण, असं विचारलं की बोट हेडीसकडं जातं. पाताळाचा राजा, म्हणजे सैतानच. 1997 साली डिस्नेनं हर्क्युलिसवर चित्रपट काढला, त्यात खलनायक हाच. मूळ कथेत हर्क्युलिसच्या जिवावर पाळण्यापासून उठलेली आहे ती हेरा, झ्यूसची राणी. तिला सोडून आळ याच्यावर. म्हणून मी ही केस जुन्या ग्रंथांतून पुन्हा तपासली.

पाताळ त्याला मिळालं कसं? इलियडच्या 15व्या सर्गात पोसायडन सांगतो : तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र, हेडीसला अंधार. पृथ्वी आणि ऑलिंपस सामाईक. सामाईक घराचा मालक झ्यूस होऊन बसला. त्याला बांधून घालायचा डाव मांडणाऱ्यांची नावं पहिल्याच सर्गात आहेत : हेरा, पोसायडन, अथेना. हेडीसचं नाव त्यात नाही.

तो माणसं मारतो म्हणावं, तर मृत्यू वेगळा, त्याचं नाव थॅनटॉस. निवाडा करणारे वेगळे. प्लेटोनं गॉर्जियसमध्ये मायनॉससह तिघांची नावं दिलीत. मग हेडीसचा गुन्हा काय? आलेल्याला परत सोडत नाही. 9व्या सर्गात अगामेम्नॉन हेच बोलून दाखवतो : हा कुणापुढं नमत नाही, म्हणून माणसांना तो नकोसा. राजेलोकांची अडचण कळते. इथं वशिला चालत नाही ना!

ओडिसीच्या 11व्या सर्गात मेलेला अकिलीस म्हणतो, इथं राज्य करण्यापेक्षा वर एखाद्या भूमिहीनाकडं मजुरी बरी. म्हणजे या सरदाराला सुचलेली सगळ्यात खालची जागा ती. राबणाऱ्या मजुराला मरणाबद्दल काय वाटतं, हे तिथं कुणी विचारत नाही.

लोक त्याचं नाव घ्यायला भीत, म्हणून प्लूटॉन म्हणत. प्लूटॉन म्हणजे धन देणारा. कारण धान्य आणि धातू जमिनीतूनच येतात. एलिसमध्ये त्याचं देऊळ होतं, वर्षातून एकदाच उघडायचं, असं पॉसानियसनं दुसऱ्या शतकात लिहिलंय. सैतानपण नंतर चिकटलं. ज्यूंच्या धर्मग्रंथाचं ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा त्यांच्या शिओलसाठी, म्हणजे मेलेल्यांच्या जागेसाठी, हेडीस हा शब्द घातला. पुढं 1611च्या इंग्रजी बायबलनं हेडीसचा नरक केला. देवाचं नाव जागेला गेलं आणि जागेचा डाग देवाला लागला.

इथवर वाचून काहीजण म्हणतील, चला, हेडीस आपला! थांबा. सरळ कथा उलटी केली की आपोआप खरी होत नाही.

डिमीटरचं स्तोत्र वाचा. तिची मुलगी पर्सेफोनी फुलं खुडत होती. हेडीसनं तिला रथात घालून पळवली. ती ओरडली, बापाला हाका मारल्या. बाप झ्यूस. त्यानंच हे परस्पर ठरवलेलं. सूर्य आईला समजावतो की जावई काही वाईट नाही! मुलीला कुणी विचारलं? डिमीटरनं धान्य उगवू दिलं नाही, देवांचे बळी बंद पडायची वेळ आली, तेव्हा झ्यूस हलला. सुटतानासुद्धा हेडीसनं डाळिंबाचा दाणा तिला गुपचूप खाऊ घातला. त्या दाण्यापायी वर्षाचा तिसरा हिस्सा ती पाताळातच अडकली.

तेव्हा माझं म्हणणं असं. मरणाच्या आरोपातून हेडीसला मोकळा करा. तो रखवालदार आहे, कसाई नाही. पण पर्सेफोनीच्या आरोपातून त्याची सुटका नाही. तिथं दोघे भाऊ आरोपी आहेत. खालच्याची बदनामी झाली आणि परवानगी देणारा वर सिंहासनावर राहिला, हा त्या कथेतला खरा अन्याय. तो दाखवताना त्या पोरीची हाक दाबू नका. नाहीतर आपली समीक्षाही सूर्यासारखी जावयाचं कौतुक करत बसेल.