२० मिलिमीटरचा एक्सल खरंच तिप्पट ताठ असतो का?

माउंटन बाइकवाल्यांच्या गप्पांत एक गणित हमखास ऐकू येतं. दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० भागिले १५ चा चौथा घात साधारण ३.१६ येतो. म्हणून १५ ऐवजी २० मिलिमीटरचा एक्सल घेतला की सायकलचं पुढचं अंग तिप्पट ताठ! हेच गणित मांडून मी एका मित्राला फोर्क आणि पुढचा हब, दोन्ही बदलायला लावले होते. त्याला फरक फारसा जाणवला नाही. चूक त्याच्या हातांची नव्हती, माझ्या युक्तिवादाची होती. ती कुठे झाली, ते बघू.

पहिली गोष्ट, चौथ्या घाताचा नियम भरीव दांडीचा. एक्सल असतो पोकळ. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला, तर पातळ नळीचा ताठपणा साधारण तिसऱ्या घाताने वाढतो. म्हणजे तिप्पट नाही, सुमारे २.४ पट. तेही काही कमी नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण खरी गोम पुढे आहे.

वळणावर पुढच्या चाकावर बाजूने जोर येतो, तेव्हा हलतं कोण? टायर दबतो, रिम आणि स्पोक कलतात, फोर्कचे पाय वाकतात आणि पिळतात, त्यांच्या बुशिंगमध्ये जरा ढिलाई असते. एक्सल यातला फक्त एक भाग. ही एकामागे एक जोडलेल्या स्प्रिंगांची रांग समजा. रांगेत प्रत्येकीच्या हलण्याची बेरीज होते, आणि सगळ्यात मऊ असलेली भाव खाऊन जाते. निव्वळ उदाहरणादाखल धरा, की एकूण १० मिलिमीटर हलण्यात एक्सलचा वाटा १ आहे. एक्सल अगदी तिप्पट ताठ केला, तरी एकूण हलणं ९.३३ वर येईल. फायदा ७ टक्क्यांच्या आत. टायरमधली हवा कमीजास्त केली, तर याहून मोठा फरक सहज पडू शकतो.

एक्सलचं दुसरं काम मात्र या गणितात येतच नाही. सस्पेन्शन फोर्कच्या दोन पायांना खालच्या टोकाशी तोच बांधून ठेवतो. डिस्क ब्रेकचा जोर एकाच पायावर येतो, तेव्हा हे बांधणं फार महत्त्वाचं. इथे व्यासाइतकाच सांधा मोलाचा: हबची टोकं फोर्कला किती रुंद जागेवर आणि किती घट्ट दाबून बसतात. माझं संशोधन बोल्टच्या सांध्यांवर आहे. पहिल्याच सादरीकरणात गाइडनी विचारलं होतं, "सुट्या भागाचा हिशेब झाला, सांधा कुठे आहे?" मित्राला सल्ला देताना मी तेच विसरलो.

आता निवडीकडे. जुना क्विक रिलीज म्हणजे ९ मिलिमीटरचा एक्सल, खालून उघड्या खाचेत बसणारा. डिस्क ब्रेकचा कॅलिपर फोर्कच्या मागे असतो, त्यामुळे ब्रेक लावला की एक्सल खाचेतून खाली ढकलला जातो. जेम्स अ‍ॅनन यांनी २००३ च्या सुमारास हा धोका मांडला, तेव्हा बराच वाद झाला. थ्रू एक्सल बंद भोकातून आरपार जातो, त्यामुळे चाक असं निसटू शकत नाही. तेव्हा ९ वरून १५ वर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण सुरक्षितता, ताठपणा त्यानंतर.

शिमानो आणि फॉक्स यांनी २००८ मध्ये १५ मिलिमीटरचा एक्सल आणला, तेव्हा हबची रुंदी १०० होती. पुढे बूस्टमध्ये ती ११० झाली. स्पोक जिथे अडकतात त्या हबच्या कडा बाहेर सरकल्या, स्पोकचा कोन रुंदावला. म्हणजे सुधारणा चाकात झाली, रांगेतल्या जास्त मऊ स्प्रिंगेत. डाउनहिलच्या दुहेरी क्राउनच्या फोर्कवर २० टिकून आहे, कारण तिथे बाकी सगळंच त्या मापाचं दणकट असतं.

तुमच्याकडे १५ चा एक्सल असेल, तर फक्त ५ मिलिमीटरसाठी पैसे घालू नका. आधी एक्सल सांगितलेल्या टॉर्कला आवळा. रिम धरून बाजूला हलवा, खडखड आली तर हबचे बेअरिंग बघा. मग स्पोकचा ताण आणि टायरची हवा. एवढं करूनही पुढचं अंग लुळं वाटलं, तर अख्ख्या फोर्कचा विचार करा. एक्सल त्याच्यासोबत येईलच.