वऱ्हाडातला ‘ऱ’ आणि बदललेला कळफलक

अमरावतीत टंकलेखन शिकताना माझ्या बोटांना पहिले वळण लागले ते ऱ्हस्व वेलांटीचे. रेमिंग्टन पद्धतीत ‘दिवाळी’ लिहायची तर आधी वेलांटी, मग ‘द’. कळा अक्षराच्या आकारामागे जातात. पुढे अकोल्यात मजकूर जुळवणीच्या कामात इनस्क्रिप्ट कळफलक घेतला आणि क्रम उलटला. आधी ‘द’, मग वेलांटी. इथे कळा उच्चारामागे जातात. कित्येक आठवडे माझ्या वेलांट्या मागच्या अक्षराला चिकटत होत्या.

हा बदल फक्त बोटांचा, असे मानून आपण तो सोडून देतो. माझ्या मते तो संहितेचाही आहे.

बोलीच्या शब्दांच्या माझ्या जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्यावर मी ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधला. बऱ्याच नोंदी सापडल्याच नाहीत. पाहिले तर या एका नावाची तीन रूपे झालेली. काही ठिकाणी ‘ऱ’चा पाय मोडून ‘ह’ जोडलेला; काही ठिकाणी साध्या ‘र’नंतर न दिसणारे जोडचिन्ह; काही ठिकाणी सरळ रफार, म्हणजे ‘वर्हाड’. पहिली दोन डोळ्यांना सारखीच दिसतात, पण यंत्राला ती वेगळी असू शकतात. तिसऱ्याने तर उच्चारच बदलतो. आचार्यांना दिलेला मान आणि आचाऱ्यांना दिलेला मान यांतला फरक याच अर्ध्या ‘र’वर उभा आहे.

दोष रेमिंग्टनचा नाही. त्याच मांडणीने आज युनिकोडही लिहिता येते. गफलत झाली ती जुन्या फाँटांमुळे. कृतिदेवमधली ‘दिवाळी’ तो फाँट नसलेल्या संगणकावर एफ, एन, ओ, के, जी, एच अशी रोमन अक्षरे होऊन बसते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत जाणूनबुजून झाकले, वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिची उकल केली. आपण मात्र नकळत एक सांकेतिक लिपी करून बसलो, आणि तिची किल्ली जपून ठेवली नाही.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’सारख्या (1960) कादंबरीतली वऱ्हाडी उद्या कुणी संगणकावर अभ्यासायला घेईल. तेव्हा शब्द सापडला नाही, तर तो बोलीत नव्हताच असा निष्कर्ष निघेल. मुद्रितप्रत तपासणारा समीक्षक पाठभेद पाहतो. संगणकीय प्रतीलाही तीच कसोटी हवी. मूळ फाइल जपावी, रूपांतर छापील पानाशी ताडून पाहावे आणि ‘ऱ’ एकाच पद्धतीने लिहावा. इनस्क्रिप्टवर त्यासाठी शिफ्ट दाबून ‘र’ची कळ पुरते.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. महानुभावांच्या त्या गावात जुन्या पोथ्यांबरोबर जुन्या फाइलींचेही वाचन सुरू व्हावे. निदान आपल्या मुलखाचे नाव तरी शोधल्यावर सापडले पाहिजे.