बळीच्या बाजूने वाचलेला ‘वामन’

मराठी विज्ञानसाहित्याच्या समीक्षेत वाचक बहुधा गृहीत धरलेला असतो. हा वाचक शहरी, सुशिक्षित आणि कुतूहल बाळगणारा असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो विज्ञानापासून काही अंतरावर उभा असतो. या अंतरावाचून विज्ञानकथेतील नवल संभवत नाही, अशी आपली समजूत आहे. डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये विज्ञानकथेची व्याख्या ‘ज्ञानात्मक अनोळखीकरण’ अशी केली. कथेत एखादे नवतत्त्व येते आणि त्याच्या उजेडात वाचकाला स्वतःचा परिसर परका दिसू लागतो. परंतु ज्याच्या परिसरात ते नवतत्त्व कुंपणासह आधीच येऊन बसले आहे, त्याचे काय?

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ च्या ऑक्टोबरात व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. मनुष्य चंद्रावर उतरला तेही याच वर्षी. पालघर-बोईसर पट्ट्यातील आजच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने भविष्यकाळ हा आजोबांच्या तरुणपणी येऊन गेलेला काळ आहे. पदव्युत्तर वर्गात जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी शिकवताना मला याचे भान नव्हते. या लेखात आहेत त्या एका वर्गातील प्रतिक्रिया. सर्वेक्षणाचा दावा नाही.

कादंबरीची बांधणी थरारकथेची आहे. उत्खननात एक पेटी सापडते. तिच्यात लयाला गेलेल्या, पण आपल्याहून कितीतरी प्रगत अशा संस्कृतीचे ज्ञान साठवलेले आहे. त्या ज्ञानातून ‘वामन’ हा यंत्रमानव घडतो, त्याच्यावर भलत्यांचा डोळा असतो, आणि खरा धोका चोरांपासून नसून स्वतःसारखे आणखी वामन निर्माण करू शकणाऱ्या या वामनापासूनच आहे, हे उमगत जाते. येथे सुदूर भविष्य पुढे नसून जमिनीखाली आहे. आपण जेथे पोहोचणार, तेथे कोणीतरी आधीच पोहोचून नष्ट झाले आहे. कालक्रमाची ही उलटापालट हे मला या कृतीचे सर्वांत मोठे बळ वाटते. व्यक्तिरेखा सपाट आहेत, हा आक्षेप खरा असला तरी दुय्यम आहे.

वर्गात माझी अपेक्षा होती ती पेटीच्या रहस्यावर चर्चा होईल अशी. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांच्या वेळी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांपैकी एका गावातील कुटुंबातून आलेल्या विद्यार्थिनीने मात्र विचारले, “मॅडम, खणली ती जमीन कोणाची होती?” कादंबरीत या प्रश्नाला जागा नाही. तेथे जमीन म्हणजे ‘स्थळ’. लेखी उत्तरात तिने पुढे शीर्षकच उलटे वाचले होते. वामन म्हणजे पावलांपुरती जमीन मागणारा. तो परत आला नाही, हे बळीच्या दृष्टीने बरेच झाले. या उत्तराच्या समासात मी ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि गुण कापले.

तो शेरा आज मला अडाणीपणाचा वाटतो. वामनकथेचे बळीच्या बाजूचे वाचन मराठीत नवे नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) ते मांडले, आणि दिवाळीत बळीचे राज्य मागणाऱ्या घरांत ते त्याआधीपासून नांदत आले. नारळीकरांनी पुराणातील नाव घेतले ते रूपाने लहान, सामर्थ्याने अफाट या अर्थाने. त्या नावाबरोबर बळीही कथेत शिरतो, यावर लेखकाचा ताबा उरत नाही. वोल्फगांग इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतात, त्या वाचक आपल्या अनुभवाने भरतो हे मी वर्षानुवर्षे शिकवत होते. ती जागा जमिनीच्या सातबाऱ्याने भरली जाऊ शकते, एवढे मात्र सुचले नव्हते.

दुसरी एक प्रतिक्रिया कालाच्या परिमाणाविषयी होती. तारापूरला वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते आणि उच्च किरणोत्सारी अवशेष काचेत गोठवले जातात. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षांचे. “मग पेटी पुरणारे आपणच की!” असे एकजण म्हणाला. कादंबरीतील पेटी उघडणाऱ्याला ज्ञान देते. असल्या पेटीत मात्र तिच्यापासून दूर राहण्याखेरीज देण्यासारखे ज्ञान नाही. हे वाचन मला पहिल्याहून अधिक कृतिनिष्ठ वाटते, कारण कादंबरीचा शेवटचा इशारा ते पुढच्या पिढ्यांकडे वळवते. अर्थात यातही धोका आहे. प्रत्येक पेटी अणुभट्टीचीच दिसू लागली, तर कृती उरणार नाही, केवळ निमित्त उरेल. यंत्राची प्रजननक्षमता ही कादंबरीची मध्यवर्ती भीती तर या वाचनात जवळजवळ नाहीशी होते.

आणि हा परिसर एकमुखी नाही, हेही नोंदवले पाहिजे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करून शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला बळीही भावला नाही आणि रहस्यही. वामनाची देखभाल कोण करतो, त्याचे सुटे भाग कोठून येतात, याची तक्रार त्याने मोठ्या गांभीर्याने मांडली (वर्ग हसला, तो हसला नाही). जमिनीच्या प्रश्नावर तो त्या विद्यार्थिनीला म्हणाला, “तुमची जमीन गेली हे खरं, पण आमच्या घरची चूल कारखान्यावरच पेटते. तुमचा वामन आला नसता तर माझे वडील इथे आलेच नसते.” तिने त्याला उत्तर दिले नाही, पण पुढच्या तासाला गावाचा जुना नकाशा घेऊन आली आणि दोघे माझ्या व्याख्यानाकडे पाठ करून तो पाहत बसले.