सही नसलेली वेणीवाली

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, चित्रकलेचं शिक्षण शून्य. दीनानाथ दलालांची ओळखही इन्स्टाग्रामवरच झाली. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ सुरू केला. त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या टपोऱ्या डोळ्यांच्या बायका पाहून मी एक प्रिंट काढून भिंतीवर लावला.

मग रद्दीच्या दुकानात पन्नासच्या दशकातला एक दिवाळी अंक सापडला. मुखपृष्ठ कुणीतरी आधीच कापून नेलेलं, म्हणून स्वस्तात मिळाला. नाइलाजाने आतली पानं चाळू लागलो आणि केसांच्या तेलाच्या एका जाहिरातीपाशी थांबलो.

पाठमोरी बाई वेणी घालतेय. चेहरा नाहीच. कललेली मान, वर उचललेलं कोपर, सगळ्या मिळून सात-आठ रेषा. फोनचा कॅमेरा जवळ नेला. अंकातल्या रंगीत चित्रात बारीक ठिपके दिसले. हे हाफटोन. त्यात प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक असतो आणि कागद गुळगुळीत लागतो. जाहिरातीच्या वाट्याला आला होता खरखरीत कागद, एकच शाई आणि पाव पान. अशा कागदावर ठिपके फिसकटतात, रेषा टिकते. चित्रकाराने हे ओळखून जेमतेम रेषांत काम भागवलंय. दलालांच्या बायका सुंदरच, पण बऱ्याचदा त्या आपल्यासाठी बसलेल्या वाटतात. ही बाई तिच्या कामात आहे. मला ती जास्त खरी वाटली.

चित्र वरचं, जाहिरात खालची, ही उतरंड आपली. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली निघालं ते लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं मासिक म्हणून. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकला शिकलेले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं.

दलालांची सही असते, म्हणून त्यांना शोधता येतं. वेणीवालीखाली सही नाही. आमच्याकडे कोडची कुठली ओळ कुणी लिहिली हे ‘गिट ब्लेम’ दिलं की कळतं. इथे विचारायचं कुणाला?

आणि एक कबुली. गेल्या वर्षी मित्राच्या आजोबांचे अंक स्कॅन करताना मी स्क्रिप्ट लिहिली होती : पानावर मजकूर कमी असेल तर पान गाळ. फाइल निम्मी झाली म्हणून खूश होतो. अंक नंतर रद्दीत गेले. त्यांतल्या जाहिराती आता ना कागदावर आहेत, ना फाइलमध्ये.

हा अंक मात्र पानन् पान स्कॅन केलाय. ती स्क्रिप्ट डिलीट केली.