'छावा', चिलया बाळ आणि पाहणाऱ्याची जागा

पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला जाऊन मी 'छावा' पाहिला. शेवटच्या भागात संभाजी महाराजांची नखे उपटली जातात, डोळ्यांत तापल्या सळया घातल्या जातात, जीभ काढली जाते. मी मान खाली घातली. पुढच्या रांगेत एका बापाने मुलाचे डोळे झाकले होते. मूल बोटांच्या फटीतून पाहत होते. दिवे लागले, घोषणा झाल्या. मीही डोळे पुसले. बाहेर पडताना मात्र दुःखापेक्षा राग अधिक होता आणि तो नेमका कोणावर, हे सांगता येईना. हे टिपण त्या रागाविषयी आहे.

चित्रपट ऐतिहासिक, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला. प्रेक्षकांनी तो पाहिला मात्र धर्मकथेसारखा, धर्मासाठी सोसलेल्या यातनांचे दर्शन म्हणून. तेव्हा तो धर्मकथेच्याच निकषावर तपासणे रास्त.

आपल्या धर्मकथांना हिंसेचे वावडे नाही. श्रावणात आई चिलया बाळाची कथा सांगायची. अतिथी होऊन आलेला शंकर मुलाचे मांस मागतो. चांगुणा पोटच्या पोराचे मस्तक उखळात कांडते, तेही गाणे म्हणत, डोळ्यांत पाणी न आणता. याहून क्रूर प्रसंग मला ठाऊक नाही. पण आईच्या सांगण्यात उखळाच्या आत कोणी डोकावत नसे. समोर राही ते चांगुणेचे तोंड. शेवटी हाक मारल्यावर चिलया धावत येतो, तरी ऐकणाऱ्या बायकांचे डोळे कोरडे होत नसत. मला राग यायचा तो देवाचा: असे मागावेच का? कथेत शत्रू नाही, म्हणून प्रश्न आपल्याच श्रद्धेकडे वळतो.

'छावा'त शत्रू आहे. इतिहासातही होता. मार्च १६८९ मधला तो वध औरंगजेबाच्या हुकमाने झाला आणि तो क्रूर होता, याबद्दल वाद नाही. माझी हरकत कॅमेऱ्याला आहे. तो जखमेपाशी जातो, रेंगाळतो, पुन्हा जातो. पहिल्या जखमेला मी महाराजांसोबत होतो. पुढे पुढे, आता काय करतील, याची वाट पाहू लागलो. पडद्यावर औरंगजेबही बसून तेच पाहत असतो. माझी जागा नकळत त्याच्या शेजारी सरकली होती. मला वाटते, माझ्या रागाचा एक धागा या शरमेत होता. ती कबूल करण्यापेक्षा राग बाहेर फेकणे सोपे जाते.

प्रदर्शनाआधी, जानेवारी २०२५ मध्ये, झलकीत महाराज लेझीम खेळताना दिसले म्हणून आक्षेप आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य वगळले. राजाचा आनंद आपल्याला सोसला नाही. देहाचे हाल सोसले.

१७ मार्चला नागपुरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले की, या चित्रपटाने औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा जागवला. दंगलीची कारणे एका चित्रपटात कोंबता येत नाहीत. तरी मी घरी नेलेला राग तेव्हा पुन्हा आठवला. तो ज्याच्यावर निघणार होता तो बादशहा तर १७०७ सालीच मेला.

संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा, आठ-नऊ वर्षे मोगलांशी झुंजत राज्य राखणारा राजा त्या मुलाच्या बोटांच्या फटीतून किती दिसला असेल? बापाने त्याला आता त्या राजाची गोष्ट सांगायला हवी, जगण्याची.